‘काम नको, नोकरी हवी’ : एका आरोपाची चिकित्सा

आपल्या सुशिक्षित बेकार तरुणांवर एक आरोप सतत केला जातो : ह्या पोरांना काम नको, नोकरी हवी. हा आरोप कारखानदार करतो, संस्थाचालक करतो, व्याख्यानमालेत श्रमप्रतिष्ठेवर बोलणारा निवृत्त अधिकारी करतो. अलीकडे तर दोन पिढ्यांपूर्वी वस्तीतून बाहेर पडून कॉलनीत घर बांधलेला आपलाच माणूसही तो करू लागला आहे. आरोप करणाऱ्याला वाटते की त्याने बेकारीचे कारण सांगितले. मला वाटते त्याने एक सामाजिक सत्य सांगितले, फक्त त्याचा अर्थ त्याला कळलेला नाही. दलित तरुणाला काम नको आहे आणि नोकरी हवी आहे, हे बव्हंशी खरेच आहे. ते का खरे आहे, हे समजायचे तर आधी ह्या दोन शब्दांच्या पोटात काय दडले आहे ते पाहिले पाहिजे.

माझी आजी ‘कामाला गेले होते’ म्हणे, तेव्हा कोणाच्या रानात, कोणाच्या वाड्यावर, आणि बदल्यात काय मिळाले, हे सगळे वेगळे विचारावे लागे. कधी पायलीभर जोंधळे मिळत, कधी नुसतेच ‘उद्या ये’. पण वस्तीतला एखादा ‘नोकरीला लागला’ म्हटले की काही विचारावे लागत नसे. महिना ठरलेला, वेळ ठरलेली, सुटीचा वार ठरलेला. काम आणि नोकरी यांतले हे अंतर शब्दकोशात सापडणार नाही. ते ज्याने भोगले त्याच्याच कानाला कळते. भाषेची आणखी एक गंमत पाहा. मोबदल्याशिवाय राबणारा तो वेठबिगार, आणि राबायला जागा नसलेला तो बेकार. आमच्या आज्याला पहिले नाव होते, नातवाला दुसरे मिळाले. शिवाय मराठीत ‘बेकार’ म्हणजे टाकाऊ, वाईट असाही अर्थ होतो. चित्रपट बेकार असतो, भाजी बेकार असते आणि पदवीधर पोरगाही बेकार असतो. माणसाजवळ धंदा नाही एवढे सांगणाऱ्या शब्दाने माणसाची किंमतही ठरवून टाकलेली आहे.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण शाळेत निबंधाच्या पहिल्या ओळीत लिहायला शिकवतात. मीही लिहिली आहे आणि गुण मिळवले आहेत. ही म्हण कोणाची? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या हुकमात जाणे ही घसरण असते. ज्याच्या पेटीत भांडवल आहे त्याचेही तसेच. पण गावात आणखी माणसे होती. मेलेले जनावर ओढणारा होता, मयताचा सांगावा घेऊन परगावी धावणारा होता, वेशीवर रात्र काढणारा होता, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळणारा होता. त्यांचे श्रम शेतीत मोडत नाहीत, व्यापारात मोडत नाहीत आणि नोकरीतही मोडत नाहीत. ज्या श्रमावर गावगाडा चालला तो म्हणीच्या हिशेबात धरलेलाच नाही. तिन्ही पायऱ्यांच्या खाली जो उभा होता त्याला तिसरी पायरी वरची वाटली, तर त्यात नवल कसले?

दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा मराठी वाचकाला तो एक ग्रामीण शब्द वाटला. शंकरराव खरात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते. तरी १९८१ साली आत्मकथनाला नाव देताना त्यांनी वडिलांच्या तराळकीचाच शब्द उचलला : ‘तराळ-अंतराळ’. ही नावे म्हणजे श्रमाच्या एका व्यवस्थेचे दाखले आहेत. तिच्यात तीन गोष्टी नव्हत्या. मजुरीचा दर नव्हता, जे मिळे ते देणाऱ्याच्या मर्जीने. वेळेची मर्यादा नव्हती, हाक आली की निघायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, राजीनामा नव्हता. माणूस काम सोडू शकत नव्हता, कारण काम त्याला लागलेले नव्हते, तोच कामाला जन्मतः लागलेला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. त्या विधेयकाचे पुढे काही झाले नाही. महार वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्यानंतर, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तेव्हा ‘नोकरी’ हा शब्द आमच्या वस्तीत सुखाचा शब्द म्हणून आला, हे अर्धेच खरे आहे. तो आधी सुटकेचा शब्द म्हणून आला. ठरलेला पगार, ठरलेले तास आणि सोडून जाण्याचा हक्क ह्या तीन गोष्टी ज्याला पिढ्यान्‌पिढ्या नाकारल्या गेल्या, त्याने त्या जिथे एकत्र मिळतात त्या जागेची वाट पाहिली. ह्याला आळस म्हणणाऱ्याने आधी आपला इतिहास तपासावा.

शहरात आल्यावर जात सुटली असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचावा. विणकामाच्या खात्यात मजुरी चांगली होती. पण तिथे धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा आपल्या ओठांना कसा लावायचा, ह्या एका कारणावरून अस्पृश्य कामगारांना ते खाते बंद होते. ही अट मालकाच्या नियमपुस्तकात नव्हती. बाजूच्या साच्यावर उभ्या असलेल्या, संपात खांद्याला खांदा लावणाऱ्या सवर्ण कामगाराच्या मनात ती होती. १९२८-२९ च्या गिरणीसंपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगारांची एकजूट सांगणाऱ्यांना तेव्हा हे आडवळण वाटले. आज मागे वळून पाहिले तर दिसते की बेकारी आणि जात ह्यांचा सांधा नेमका तिथे होता. जागा रिकामी, हात रिकामे, आणि मध्ये विटाळ.

‘जातिनिर्मूलन’ ह्या १९३६ च्या न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी ह्याच सांध्यावर बोट ठेवले. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे, असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवले की ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही चढउताराची. त्या विवेचनात पुढे जे येते त्याकडे आपल्या अभ्यासवर्गांचे लक्ष कमी जाते. उद्योगधंदे बदलतात, एक व्यवसाय बसतो, दुसरा उभा राहतो. अशा वेळी माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक हवी. जात ती देत नाही. म्हणून जातीने नेमून न दिलेला धंदा घेण्यापेक्षा माणूस उपाशी राहतो, आणि म्हणून देशातल्या बऱ्याचशा बेकारीचे थेट कारण जात आहे. शिवाय ज्या कामाबद्दल करणाऱ्याच्या मनात तिरस्कार भरला आहे, ज्यात ना त्याचे मन आहे ना बुद्धी, त्या कामात कार्यक्षमता तरी कोठून येणार? अर्थशास्त्राचा पंडित इथे बोलतो आहे. ‘लोकांची कामाकडे पाहण्याची दृष्टी’ असे ज्याला आपण आज मोघमपणे म्हणतो, ती दृष्टी हवेतून येत नाही, ती जातीच्या उतरंडीत घडते, हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी सांगून ठेवले.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये आदर्श भंग्यावर लेख लिहिला. आई मुलाचे करते तेच भंगी समाजाचे करतो, असा त्यांचा भाव. हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण आई दुसरे काही होऊ शकते. मूल मोठे झाले की तिची त्या कामातून सुटका होते. मैला उचलणाऱ्याला ही सवलत त्या लेखात कोठे आहे? श्रमप्रतिष्ठेच्या मराठी उपदेशाची सगळी परंपरा इथेच अडखळते. ती कामाला प्रतिष्ठा देऊ पाहते, पण काम बदलण्याची मुभा देत नाही. आणि ज्या कामातून बाहेर पडता येत नाही त्या कामाची पूजा करणे म्हणजे दाराला बाहेरून कडी घालून आत उदबत्ती लावणे.

आता साहित्याकडे वळू. १९६३ हे वर्ष मराठी कादंबरीच्या इतिहासात ‘कोसला’चे म्हणून सांगितले जाते. भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, पैसे उधळतो, नापास होतो, कंटाळतो आणि शेवटी गावी परततो. त्याचे रिकामपण खोटे नाही. एका पिढीने त्यात स्वतःला पाहिले, माझ्या वर्गातली मुले आजही पाहतात. पण त्या रिकामपणाला एक पाया आहे आणि त्याविषयी समीक्षक सहसा बोलत नाहीत. त्याच्या मागे वडिलांची शेती आहे, घर आहे, गावात वजन आहे. तो वडिलांशी भांडू शकतो, कारण भांडून झाल्यावर जेवायचे ताट त्याच घरात आहे. नोकरी न मिळणे हा त्याच्यापुढचा प्रश्नच नाही. काहीच करण्यात अर्थ नाही, हा त्याचा प्रश्न आहे.

त्याच १९६३ साली बाबुराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतल्या तरुणाला रेल्वेत नोकरी लागलेली आहे. म्हणजे श्रमप्रतिष्ठावाल्यांच्या हिशेबी त्याचा प्रश्न सुटलेला आहे. पण परगावी नोकरी टिकवायची तर राहायला खोली हवी, आणि खोली हवी तर जात चोरली पाहिजे. जात उघडी पडते आणि त्याला मार खावा लागतो. नोकरी मिळणे आणि नोकरी करता येणे ह्यांत एक घरमालक उभा आहे, एक शेजार उभा आहे, हे बागूलांना दिसले. बेकारीची आकडेमोड करणाऱ्यांना ते अजून नीट दिसत नाही. शहरात नोकरीचा कागद हातात घेऊन खोली शोधणारी आणि आडनाव सांगितल्यावर ‘कालच दिली हो’ हे ऐकणारी मुलेमुली मला दरवर्षी भेटतात. हे दोन तरुण एकाच वर्षी मराठीत आले. एकाच्या रिकामपणावर ढीगभर समीक्षा झाली. दुसऱ्याच्या कामाची, म्हणजे कामावर टिकून राहण्यासाठी तो जी वेगळी मेहनत करतो तिची, त्या मानाने चर्चा फार थोडी.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मधला संस्कृतच्या शिक्षणाचा भाग मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवतो. नोकरी शोधण्याविषयी मराठीत ह्याहून बोलका मजकूर मला माहीत नाही. नागपूरची एक महार मुलगी संस्कृत घेते, एम. ए. होते, उत्तम गुण मिळवते. ज्या भाषेचा उच्चार तिच्या पूर्वजांच्या कानांना वर्ज्य होता ती भाषा शिकवायला ती पात्र ठरते. मग ती अर्ज करते. कौतुक होते, सत्कार होतो, वर्तमानपत्रांत नाव येते. नोकरी मिळत नाही. पुढे आंतरजातीय विवाह होतो, आडनाव सोमकुंवरचे पावडे होते आणि काही काळातच सरकारी महाविद्यालयात अध्यापनाची जागा मिळते. लेखिकेने त्याचा अर्थ कोणताही आक्रस्ताळेपणा न करता सांगितला आहे : जागा मिळाली ती पावडे ह्या नावाला, सोमकुंवर ह्या नावाला नव्हे. मुलीचे ज्ञान तेच होते, पदवीचा कागद तोच होता.

हे झाले आत्मकथन. ‘एका बाईचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे’ असे म्हणणारे आमच्या प्राध्यापक-खोलीतही आहेत. त्यांच्यासाठी आकडे देतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. वर्तमानपत्रातल्या खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी : उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेच्या उच्चवर्णीय नावाला पुढचे बोलावणे येण्याचे प्रमाण १ धरले, तर दलित नावाचे ०.६७ आणि मुस्लिम नावाचे ०.३३ निघाले. कोणी मुलाखतीत चुकले नव्हते, कोणी आळशी नव्हते, कोणाचे इंग्रजी तुटके नव्हते. अर्जदार अस्तित्वातच नव्हते, होती फक्त नावे. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी पंचवीस मोठ्या कंपन्यांतल्या भरती-अधिकाऱ्यांशी बोलून जो अभ्यास मांडला तो मला जास्त अस्वस्थ करतो. हे अधिकारी प्रामाणिकपणे गुणवत्ताच सर्व काही मानतात. आणि मग उमेदवाराला ‘घरची पार्श्वभूमी’ विचारतात : वडील काय करतात, भावंडे काय करतात. त्यांच्या मते चांगल्या घरातून चांगला कामगार येतो. म्हणजे विणखात्यातला धोटा गेला. आता उमेदवाराच्या बापाचा धंदा तोंडाला लावून पाहतात.

तासिका तत्त्वावरच्या एका जागेसाठी मी मुलाखतीला गेलो होतो, तेव्हा समितीतल्या एका सद्‌गृहस्थांनी माझ्या प्रबंधाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. ‘तुमचे आडनाव तिकडे कोणत्या लोकांत असते?’ एवढे मात्र त्यांना जाणून घ्यायचे होते. चहा चांगला होता.

दुसऱ्या बाजूला, एक नोकरी अशी आहे जिथे आमच्या आडनावाची अडचण होत नाही. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याची जागा मिळते. संघटनांनी भांडून मिळवलेला आणि टिकवलेला हा हक्क आहे. बाप गटारात उतरून खंगला तर घर उघड्यावर पडू नये म्हणून तो आवश्यकही आहे, आणि त्याच्या विरोधात बोलणाऱ्यांत मी नाही. पण त्याच्या पोटातला विरोधाभास पाहिला पाहिजे. सगळ्या राज्यात वंशपरंपरेने काय मिळते? झाडू. जिल्हाधिकाऱ्याच्या मुलाला जिल्हाधिकाऱ्याची जागा वारसाहक्काने देण्याची शिफारस कोणत्याही समितीने केलेली नाही आणि त्याला ती लागतही नाही. त्याच्याकडे दुसरा वारसा आहे, ओळखीचा, भाषेचा, वाट पाहण्याच्या ऐपतीचा. आमचा पदवीधर मुलगा बापाचा झाडू हातात घेतो तेव्हा पुस्तकी हिशेबाने एक बेकार कमी होतो. जात मात्र तिच्या जागी तशीच राहते. हाताने मैला उचलणे बंद करणारा कायदा १९९३ साली आला, पुन्हा २०१३ साली आला. कायदा दोनदा करावा लागतो ह्याचाच अर्थ पहिल्याने कोणाचा धंदा बदलला नाही.

काम आणि जात यांचा संबंध कधी तुटतो तेही पाहावे. चामड्याला दर्शनी काच लागली, वातानुकूलित दुकान आले, निर्यात आली की त्याचा मालक कोणत्याही जातीचा असू शकतो. कचऱ्याचे मोठे कंत्राट निघाले की ते भरणाऱ्याला विटाळ होत नाही. जिथे नफा शिरतो तिथून विटाळ उठतो, आणि जिथे नुसती घाण उरते तिथे तो मुक्कामाला राहतो. म्हणून ‘समाजाची मनोवृत्ती बदलली पाहिजे’ एवढेच म्हणून भागत नाही. मनोवृत्ती नफ्यापुढे तशी चटकन बदलते.

इथपर्यंत आरोप करणाऱ्यांशी बोललो. आता आपल्याशी.

आपल्या चळवळीने काम टाकायला शिकवले. मेलेली ढोरे ओढू नका, वेठ करू नका, गाव सोडा. तो नकार ऐतिहासिक होता आणि त्याच्यावाचून आज हे त्रैमासिक वाचणारे कोणी नसते. पण सर्व दलित जातींना तो नकार सारखा पडला नाही, हे आपण बोलत नाही. महारकी हे चाकरीचे काम होते, तिच्यात विकता येण्याजोगे कसब नव्हते. ती टाकून देताना हातातून निसटण्यासारखे थोडेच होते. चांभाराच्या हातात कातड्याचे कसब होते, मांगाच्या हातात दोर वळण्याचे, वाद्याचे. ते टाकणे म्हणजे जातीच्या खुणेबरोबर भांडवलही टाकणे. मग एका जातीने ‘ते अजून जुने धंदे करतात’ असे म्हणून नाक मुरडावे आणि दुसरीने ‘हे नुसते नोकरीच्या मागे’ असे म्हणावे, ह्याला संस्कृतीचा फरक कसे म्हणायचे? गावगाड्याने कोणाच्या हातात काय ठेवले होते, त्याचा हा फरक आहे. आणि ज्यांच्या हातात कायद्यानेच चोरीचा शिक्का ठेवला, त्यांचे काय? १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण लक्ष्मण गायकवाडांना १९८७ साली आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव द्यावे लागले. त्या वस्तीतल्या मुलाने नोकरी मागितली तर आधी पोलिसाचा दाखला आडवा येतो.

आपल्यातल्या नोकरदारांनी दुसरी एक गोष्ट केली. ‘नोकरी’ ह्या शब्दाला त्यांनी ‘सरकारी’ हे विशेषण चिकटवून टाकले आणि त्याखालचे सगळे हलके ठरवले. आयटीआय झालेला, वायरिंग उत्तम करणारा मुलगा लग्नाच्या बाजारात शिपायापेक्षा खाली बसतो. मुलीच्या बापाला विचारले तर तो म्हणतो, ‘गुरुजी, शिपायाला कोणी घराच्या मागच्या दाराने आत घेत नाही.’ त्याचे म्हणणे उडवून लावता येत नाही. हातकाम करणाऱ्याला परक्याच्या दारात उभे राहावे लागते, आणि दारात उभे राहण्याची आठवण आपल्या हाडांत आहे. पण ह्या आठवणीची किंमत आता कोण मोजते आहे? पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत, एका खोलीत चार-चार खाटा टाकून, विशी संपून तिशी उजाडेपर्यंत बसलेली मुले मोजतात. २०१९ साली मंत्रालयाच्या उपाहारगृहात वाढप्याच्या १३ जागा निघाल्या. पात्रता चौथी पास. सुमारे सात हजार अर्ज आले आणि निवडलेल्यांत बहुतेक पदवीधर होते. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. ‘ह्यांना काम नको’ म्हणणाऱ्यांनी त्या वाढप्याच्या जागांकडे पाहावे. पदवीधर ताटे उचलायला तयार आहे. फक्त ताट उचलण्याला पगारपत्रक हवे, आणि उद्या साहेबाने ‘येऊ नको’ म्हटले तर दाद मागायला जागा हवी.

नेमकी तीच जागा आता काढून घेतली जात आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासननिर्णयाने बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा रस्ता रुंद केला होता. ओरड झाली आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागे घेतला गेला. निर्णय मागे गेला तरी कंत्राटी पद्धत गेली नाही. महाविद्यालयांत नेट-सेट झालेले, पीएच. डी. झालेले लोक तासावर शिकवतात आणि उन्हाळ्यात त्यांना पगार नसतो. सफाईत कंत्राट, रुग्णालयात कंत्राट. कंत्राटात आरक्षणाची बिंदुनामावली कोण पाहतो? मी वर नोकरीच्या तीन खुणा सांगितल्या : ठरलेला पगार, ठरलेले तास, सोडून जाण्याचा हक्क. कंत्राटात पहिल्या दोन डळमळतात आणि तिसरी उलटी होते. आता सोडून देण्याचा हक्क मालकाचा. शब्द नोकरीचा आहे, वस्तू हळूहळू बलुत्याच्या वळणाची होत चालली आहे.

ह्यावर एक उत्तर तयार असते : नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा. २००५ साली पुण्यात स्थापन झालेल्या दलित उद्योजकांच्या चेंबरने हा विचार पुष्कळ पसरवला. तो मला सर्वस्वी टाकाऊ वाटत नाही. आपल्या माणसाने कारखाना काढला तर आनंदच आहे. पण दुकान चालायला गिऱ्हाईक लागते, आणि गिऱ्हाईकालाही जात असते. बेबीताई कांबळे यांनी फलटणला नवऱ्याबरोबर छोटे दुकान चालवले. ‘जिणं आमुचं’ दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी लिहिले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्यांनी दुकान का काढले? नवऱ्याला नोकरी नव्हती. भाजी, फळे, किराणा विकला तो मुख्यतः कोणाला? आपल्याच वस्तीला. वस्तीचा खिसा जेवढा, तेवढेच दुकान वाढणार. महाराच्या हातचा चहा, मांगाच्या हातचे पीठ, ह्या प्रश्नांना व्यवसाय-मार्गदर्शनाच्या शिबिरात कोणी हात घालत नाही. तिथे प्रकल्प-अहवाल कसा लिहावा एवढे शिकवतात. तरीही बेबीताईंच्या त्या गल्ल्यामागच्या जागेत मला एक गोष्ट दिसते जी आपल्या आजच्या मध्यमवर्गात दिसत नाही. विकण्याची त्यांना लाज नव्हती, आणि विकता विकता लिहिण्याचीही भीती वाटली तरी त्या थांबल्या नाहीत.

राहतो प्रश्न आपल्या साहित्याचा. पहिल्या पिढीच्या बहुतेक आत्मकथनांची वाट भुकेतून शाळेकडे आणि शाळेतून नोकरीकडे जाते. नोकरी लागली तरी अपमान संपत नाही हे त्यांनी सांगितले, पण नोकरी लागते. आज जो मुलगा माझ्यासमोर बाकावर बसतो, त्याची आई निरक्षर नाही, त्याच्या घरी बाबासाहेबांचे खंड आहेत, त्याला दोन वेळचे जेवण मिळालेले आहे, आणि त्याला नोकरी लागत नाही. त्याच्या दुःखाला जुन्या आत्मकथनाचा साचा बसत नाही, म्हणून तो कविता लिहितो आणि तिच्यात सूर्य, मशाल, रक्त हे शब्द भरतो. ते शब्द त्याचे नाहीत. तो वाट पाहतो आहे आणि वाट पाहण्याविषयी त्याच्याकडे शब्द नाहीत.

ह्या त्रैमासिकाच्या संपादकांना माझी सूचना आहे की पुढच्या एका अंकासाठी असे लेखन मुद्दाम मागवावे. तिशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींनी आपल्या वाट पाहण्याचा नुसता हिशेब द्यावा : कोणत्या तारखेला कोणता अर्ज केला, परीक्षाशुल्क किती भरले, खोलीचे भाडे कोणी पाठवले, मुलाखतीत काय विचारले, पेपर फुटला तेव्हा काय केले, ह्या काळात कोणकोणती कामे केली आणि ती घरी का सांगितली नाहीत. मुलींनी हेही लिहावे की किती वर्षांनंतर घराने वाट पाहणे बंद केले आणि स्थळ आणले. आडनावे खोटी घातली तरी चालतील. तारखा मात्र खऱ्या असाव्यात.